हार्डवेअर सेटअप मंचावर नेताना: टेबलापासून साउंडचेकपर्यंतची तयारी

लॅपटॉप न घेता, फक्त ड्रम मशीन, सिंथ (सिंथेसायझर) आणि सिक्वेन्सरवर (सुरांचा-तालाचा क्रम साठवून वाजवणारं यंत्र) लाइव्ह वाजवायचं ठरलं की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘आणखी काय घ्यावं लागेल’ हा. माझ्या मते विचार उलट्या बाजूने सुरू करावा. काय घरी ठेवायचं, आणि जे बरोबर नेणार त्यातलं किती प्रत्यक्ष हातात ठेवायचं, हे आधी ठरवा. मंचावर दोनच हात असतात, उजेड कमी असतो, आणि चुकलं तर थांबून पुन्हा सुरू करायची सोय नसते. त्यामुळे जो निर्णय घरी घेता येतो तो घरीच घेऊन टाकायचा. मंचासाठी राखून ठेवायचं ते फक्त ऐकणाऱ्यांना जाणवेल असं काम: कोणता ट्रॅक बंद, कोणता चालू, फिल्टर किती उघडा, आणि पुढच्या गाण्यात शिरायचं कधी.

आधी सेट, मग यंत्रं

कागद घ्या आणि सेटमधली गाणी क्रमाने लिहा. प्रत्येकासमोर टेम्पो, सूर आणि त्या गाण्यात तुम्ही हाताने नेमकं काय करणार ते लिहा. ‘बेसचा फिल्टर, हॅट म्यूट, स्नेअरवर डिले’ एवढंच पुरे. एखाद्या गाण्यासमोर सातआठ कामं जमा झाली तर त्यातली निम्मी सिक्वेन्सरच्या ऑटोमेशनमध्ये, म्हणजे नॉबचे बदल आपोआप होतील अशा नोंदीत, टाका. एखाद्या यंत्राचं नाव अख्ख्या यादीत एकदाच आलं, तर ते यंत्र नेऊ नका. त्याचा आवाज सॅम्पल करून सॅम्पलरमध्ये ठेवा. आवडत्या सिंथला घरी ठेवणं जिवावर येतं हे खरं, पण त्याच्यासोबत एक अडॅप्टर, दोन ऑडिओ केबल, एक मिडी केबल (यंत्रांमध्ये नोट आणि वेगाचे संदेश नेणारी) आणि टेबलावरची हातभर जागाही घरीच राहते.

पहिल्या काही कार्यक्रमांसाठी मी तीन यंत्रं आणि एक छोटा मिक्सर सुचवेन: तालासाठी ड्रम मशीन किंवा सॅम्पलर, बेस किंवा लीडसाठी एक सिंथ, आणि पॅड-टेक्स्चरसाठी आणखी एक. इफेक्ट म्हणून मिक्सरच्या सेंडवर (चॅनेलचा थोडा आवाज इफेक्टकडे पाठवणारी वाट) एकच डिले किंवा रिव्हर्ब ठेवा. सगळी यंत्रं त्याच एका इफेक्टमधून गेली की ती एकाच जागेत वाजल्यासारखी वाटतात, आणि गाण्यांमधल्या जोडणीसाठी हाच इफेक्ट सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

घड्याळ एकाच यंत्राच्या हाती

सगळ्यांना चालवणारं यंत्र एकच असू द्या. बाकीच्यांना त्याच्याकडून क्लॉक, म्हणजे वेगाची टिकटिक, मिळेल, आणि सुरू-बंदचा हुकूमही त्याचाच. मिडी हे मानक १९८३ सालचं, पण आजही बहुतेक सेटअप त्यावरच चालतात, म्हणून त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. मिडी क्लॉक एका बीटला २४ टिक पाठवतं. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) म्हणजे सेकंदाला ४८ टिक, दर २१ मिलिसेकंदांना साधारण एक. या टिकमध्ये ‘आपण गाण्यात कुठे आहोत’ ही माहिती नसते. ते फक्त पुढे चला म्हणून सांगतात. म्हणूनच मध्ये केबल निघून पुन्हा लागली, तर यंत्र बरोबर वेगाने पण चुकीच्या जागेवरून वाजत राहतं. त्याला जागेवर आणायचं तर ते एकटं थांबवून बारच्या पहिल्या बीटवर पुन्हा सुरू करावं लागतं. तुमच्या प्रत्येक यंत्रावर हे कसं करतात ते आधी शोधून ठेवा. काही यंत्रं बाहेरून क्लॉक मिळत असताना स्वतःचं प्ले बटण मानतात, काही मानत नाहीत.

तीनपेक्षा जास्त यंत्रं असतील तर एकाच्या थ्रूमधून (आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारा जॅक) दुसऱ्यात, दुसऱ्याच्या थ्रूमधून तिसऱ्यात अशी लांबलचक साखळी करू नका. मिडी थ्रू बॉक्स घ्या, म्हणजे सगळ्यांना सिग्नल एकाच वेळी आणि स्वच्छ मिळतो. मिडी केबल १५ मीटरपेक्षा लांब नसावी, पण टेबलावर तो प्रश्न येतच नाही. चॅनेल १६ असतात. प्रत्येक यंत्राला वेगळा चॅनेल द्या आणि तो नंबर चिकटपट्टीवर लिहून यंत्राला लावा. नको असलेले संदेश स्वीकारणं बंद करा. दोन यंत्रं एकाच चॅनेलवर राहिली तर बेसलाइन ड्रम मशीनवरही वाजू लागते.

अॅनालॉग सिंक (मिडीऐवजी विजेच्या ठोक्यांनी यंत्रं जुळवणं) वापरत असाल तर टिकची संख्या जुळवून घ्या. कॉर्गच्या व्होल्का मालिकेतली यंत्रं एका बीटला २ टिक धरतात, रोलँडच्या टीआर-८०८ सारख्या जुन्या यंत्रांचा डिन सिंक २४ चा, आणि मॉड्युलर सिंथमध्ये बरेच जण बीटला ४ वापरतात. हे जुळलं नाही की एखादं यंत्र दुप्पट किंवा निम्म्या वेगाने धावतं.

पॅटर्न बदलण्यासाठी प्रोग्राम चेंज हा मिडी संदेश वापरायचा असेल तर एक गोष्ट नीट तपासा. बहुतेक सिक्वेन्सर चालू पॅटर्न संपल्यावरच नव्यात जातात. मुख्य यंत्राचा पॅटर्न ६४ स्टेपचा (स्टेप म्हणजे पॅटर्नमधलं एक घर) आणि दुसऱ्याचा १६ चा असेल, तर दुसरं यंत्र ४८ स्टेप आधीच पुढच्या गाण्यात पोहोचू शकतं. उलट हुकूम सीमेवर अगदी ऐन वेळी पोहोचला तर ते एक फेरी उशिरा बदलतं. उपाय असा की जोडणीच्या ठिकाणचे पॅटर्न सगळ्या यंत्रांवर सारख्या लांबीचे ठेवायचे. मी तर अशा ठिकाणी दुसऱ्या यंत्राचा पॅटर्न हाताने बदलणं पसंत करतो, कारण तिथे कानाला वेळ मिळतो.

वीज

मंचावर आवाज जातो तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. ढिला प्लग किंवा चुकीचा अडॅप्टर निघतो. अडॅप्टर निवडताना तीन गोष्टी पाहायच्या: व्होल्ट अगदी तेच, अँपिअर यंत्राला लागतात तेवढे किंवा जास्त, आणि पोलॅरिटी तीच. आकडा जुळला म्हणजे झालं असं नाही. बॉसच्या पेडलना ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला अडॅप्टर लागतो, आणि व्होल्काला ९ व्होल्टचाच पण मधली पिन धन असलेला. प्रत्येक अडॅप्टरवर आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला यंत्राचं नाव लिहा. परदेशात वाजवणार असाल तर अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट असं छापलंय का ते पाहा. जुन्या यंत्रांचे ट्रान्सफॉर्मर एकाच व्होल्टेजचे असतात.

सगळे अडॅप्टर एका चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर बसवा आणि बोर्ड टेबलाखाली बांधून टाका. मंचावर पोहोचल्यावर भिंतीकडे जाणारी वायर एकच राहते. यंत्राच्या पाठीमागे अडॅप्टरच्या वायरला एक वळसा देऊन ती टेबलाला किंवा स्टँडला बांधा, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ बांधलेल्या जागी बसते, जॅकवर नाही.

आणि एकदा घरी मुद्दाम वीज बंद करून चालू करा. कोणतं यंत्र किती सेकंदांत उभं राहतं, कोणतं तुमचा प्रोजेक्ट आपोआप उघडतं आणि कोणतं रिकाम्या पॅटर्नवर येऊन बसतं, ते लिहून ठेवा. सॅम्पलर सर्वांत उशिरा तयार होतो असं अनेकदा दिसतं. वीज खरोखर गेली तर आधी कोणतं यंत्र वाजवून मंच सांभाळायचा, हे या यादीवरून कळतं.

आवाजाची पातळी आणि ती घुरघुर

घरी प्रत्येक यंत्राचा व्हॉल्यूम हवा तेव्हा हलवता येतो. मंचावर एका पॅचवरून (यंत्रात साठवलेला आवाज) दुसऱ्यावर गेलात आणि आवाज दुप्पट झाला, तर साउंड इंजिनिअर घाईघाईने तुमचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो आणि पुढचं हळुवार गाणं कोणाला ऐकूच येत नाही. म्हणून सेटमधले सगळे पॅच एकामागोमाग वाजवून त्यांची पातळी पॅचच्या आतच सारखी करा आणि सेव्ह करा. यंत्राचा मुख्य व्हॉल्यूम एका ठरलेल्या खुणेवर ठेवा आणि त्याला हात लावू नका. डिजिटल मिक्सर किंवा रेकॉर्डरवर सर्वांत जोरकस भागाचं टोक उणे १० डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचं माप, शून्य ही कमाल) आसपास राहिलं की पुरेशी जागा उरते.

यंत्रांची पातळी मुळातच वेगवेगळी असते. घरगुती मानकाची उणे १० डीबीव्ही आणि व्यावसायिक मानकाची अधिक ४ डीबीयू यांत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक पडतो. मिक्सरच्या गेन नॉबवर हा फरक भरून काढा आणि नॉबच्या जागी पांढऱ्या पेनाने खूण करा.

आता खालच्या सुरांबद्दल. हेडफोनवर ४० हर्ट्झचा बेस गोड लागतो, आणि मोठ्या सबवूफरवर तोच अख्ख्या खोलीत भरून राहतो. किक आणि बेस एकाच जागी आदळत असतील तर किकची शेपूट छोटी करा किंवा बेसची नोट किकच्या मागे सरकवा. ३० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावा. तिथे कानाला काही मिळत नाही, अॅम्प्लिफायरची ताकद मात्र जाते. बेस मोनोमध्ये ठेवा. आणि संपूर्ण सेट एकदा मोनोमध्ये ऐका, कारण अनेक ठिकाणची साउंड सिस्टीम मोनोवरच चालवली जाते. कोरस लावून रुंद केलेला पॅड मोनोत पातळ होतो, कधी कधी जवळजवळ गायबच होतो. तो गायब झाला तर काय उरतं, हे तुम्हाला आधी कळायला हवं.

घुरघुरीचं मूळ बहुतेक वेळा ग्राउंड लूपमध्ये असतं: दोन यंत्रं ऑडिओ केबलनेही जोडलेली आणि विजेच्या किंवा यूएसबीच्या वाटेनेही. शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त धीर लागतो. सगळं चालू ठेवा, काहीही न वाजवता मिक्सरचा फेडर वर करा आणि ऐका. ५० हर्ट्झच्या विजेवर ५० किंवा १०० हर्ट्झची जाड गुणगुण येते, तर यूएसबीचा दोष असेल तर चिरका, स्क्रीनवर काही हललं की बदलणारा आवाज येतो. मग एकेक यूएसबी केबल काढत जा. ज्या केबलसरशी आवाज थांबतो तिथे दोष. त्या यंत्राला यूएसबीऐवजी पाच पिनच्या मिडी केबलने जोडा. मिडी इनमध्ये ऑप्टोकप्लर असतो, सिग्नल प्रकाशातून जातो, त्यामुळे ग्राउंड जोडलंच जात नाही. यूएसबीशिवाय गत्यंतर नसेल तर यूएसबी आयसोलेटर. आणि पीएकडे (कार्यक्रमाच्या जागेच्या साउंड सिस्टीमकडे) जाताना डीआय बॉक्स (सिग्नल लांब केबलसाठी जुळवणारा डबा), त्यावरचा ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण). विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू किंवा झाकू नका. गुणगुण थांबेल, पण बिघडलेल्या यंत्राचा विजेचा धक्का तुम्हाला बसेल.

एका गाण्यातून दुसऱ्यात

तयारीचा सर्वांत जास्त वेळ इथे द्या. गाणी घरीच बांधली जातात. मंचावर ऐकणाऱ्याला तुमची हुकमत दिसते ती दोन गाण्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात.

समजा पहिलं गाणं १२४ बीपीएमचं आहे आणि दुसरं १२८ चं. पहिल्या गाण्याच्या शेवटी बेस म्यूट करा. किक आणि हॅट चालू आहेत. आठ बारनंतर पॅडचा सेंड हळूहळू वाढवा, म्हणजे डिलेमध्ये त्याचे थर साचू लागतील. किक म्यूट. आता फक्त हॅट आणि डिलेचा ढग उरलाय. इथे सिंथचा पॅच बदला. तो कोरडा ऐकूच येत नाहीये, त्यामुळे पॅच बदलताना होणारा खट् आवाजही कोणाला कळत नाही. मग टेम्पो दर दोन बारना एकेक बीपीएम वर न्या. डिले टेम्पोला बांधलेला असेल तर इथे सावध राहा. टेपसारख्या डिलेत वेळ बदलली की साचलेल्या आवाजाचा सूर सरकतो. तो परिणाम हवा असेल तर उत्तम, नको असेल तर टेम्पो हलवण्याआधी फीडबॅक खाली घ्या किंवा डिले क्लॉकपासून सोडवा. १२८ वर पोहोचल्यावर ड्रम मशीन दुसऱ्या गाण्याच्या पहिल्या पॅटर्नवर न्या. त्या पॅटर्नमध्ये पहिल्या गाण्याचीच हॅट ठेवलेली असेल तर सांधा दिसतच नाही. मग डिले कापा, एक बीट शांतता, आणि किकसह बेस.

म्हणजे प्रत्येक गाण्याला एक वेगळा आरंभ-पॅटर्न हवा: ताल विरळ, बेस नाही, मागच्या गाण्याशी जुळणारा एखादा आवाज. आणि प्रत्येक गाण्याला एक ‘तग धरणारा’ पॅटर्नही हवा, जो कितीही वेळ फिरला तरी कंटाळवाणा होत नाही. दुसऱ्या यंत्रावर काही अडलं तर तो फिरत ठेवून तुम्ही शांतपणे दुरुस्ती करू शकता. यासाठी ऑक्टाट्रॅकसारख्या सॅम्पलरवर मुख्य मिक्स चालू असतानाच पकडून लूप करणारे बरेच कलाकार आहेत. साधा लूपर पेडलही हे काम करतो.

टेबल

जे यंत्र सर्वांत जास्त वापरता ते समोर, मिक्सर ज्या हाताने जास्त चालवता त्या बाजूला. मागची यंत्रं तिरक्या स्टँडवर, म्हणजे त्यांची बटणं पुढच्या यंत्राआड जाणार नाहीत. अंधारात बसून, एका बाजूने रंगीत दिवा लावून एकदा वाजवून पाहा. लाल उजेडात लाल एलईडी दिसत नाहीत. उघड्यावर दुपारी वाजवायचं असेल तर उलट संकट, स्क्रीन उन्हात काळी दिसते. छोटा क्लिपचा दिवा आणि पुठ्ठ्याची झडप, दोन्ही जवळ ठेवा.

जुळणी पक्की झाली की वरून आणि मागून फोटो काढा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप. मग सगळं सोडवून, केसमध्ये भरून, पुन्हा मांडून पाहा, घड्याळ लावून. कार्यक्रमांत एका कलाकाराकडून दुसऱ्याकडे मंच जाताना अनेकदा पंधराएक मिनिटंच मिळतात. दोन-तीन यंत्रं आणि मिक्सर एकाच फळीवर कायमचे बसवले, आतल्या केबल जोडलेल्याच राहिल्या, तर यातला बहुतेक वेळ वाचतो. फळी विमानात नेणार असाल तर बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांकडेही लक्ष द्या: सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यायच्या असतात, १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीची गरज पडत नाही, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते.

तालीम

उभं राहून वाजवा, कारण मंचावर उभेच असाल. पूर्ण सेट, न थांबता, रेकॉर्डर लावून. चूक झाली तर चुकीतून बाहेर कसं यायचं याचीच तालीम होते, म्हणून थांबायचं नाही. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना चार बार वाटलेला भाग ऐकताना बहुतेक वेळा लांब वाटतो, पण उलटही होतं: हात मोकळे नसल्याच्या घाईत चांगला ग्रूव्ह लवकर कापला गेलेला सापडतो.

नंतर मित्राला बोलवा आणि त्याला सांगा, मध्येच कुठलीही एक केबल काढ. सिंथ गप्प झाला तर तुम्ही काय वाजवाल? क्लॉक तुटलं तर? सर्वांत वाईट वेळेसाठी सेटमधल्या दोन गाण्यांचं तयार स्टिरिओ रेकॉर्डिंग एका स्वतंत्र प्लेयरमध्ये ठेवा, मिक्सरच्या एका चॅनेलला जोडलेलं, फेडर खाली. त्याच्यावर वाजवता वाजवता मुख्य यंत्र पुन्हा चालू करता येतं.

सगळे प्रोजेक्ट संगणकावर उतरवून घ्या, शक्य तिथे सिसेक्सने (यंत्राचा डेटा पाठवणारे मिडी संदेश) पॅचही. मेमरी बॅटरी असलेलं जुनं यंत्र असेल तर ती बॅटरी वेळेवर बदला, पण आधी बॅकअप, कारण बॅटरी काढली की पॅच जातात. कार्यक्रमाच्या आठवड्यात फर्मवेअर अपडेट करू नका.

कार्यक्रमाचा दिवस

साउंड इंजिनिअरला आधीच एक छोटी यादी पाठवा: किती आउटपुट, कोणत्या जॅकचे, डीआय बॉक्स तुमचे की त्यांचे, टेबलाचा आकार, मॉनिटर कुठे हवा. सुरुवातीला फक्त स्टिरिओ जोडी द्या. किक वेगळी देण्याचा मोह होतो, पण मग तुमच्या मिक्सरवरचा कॉम्प्रेसर आणि समतोल त्या किकला लागू होत नाही, आणि इंजिनिअरने तुमची गाणी कधी ऐकलेली नसतात. फँटम पॉवर (माइकसाठी केबलमधून दिली जाणारी वीज) लागत नसेल तिथे बंद ठेवायला सांगा. थेट सिंथच्या आउटपुटवर ४८ व्होल्ट आलेले बरे नव्हेत.

अॅनालॉग सिंथ साउंडचेकच्या अर्धा तास आधी चालू करा, मग ट्यूनिंग करा. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) गरम होईपर्यंत सूर सरकत राहतो, आणि दिव्यांच्या झोतात किंवा मोकळ्या वाऱ्यात पुन्हा सरकतो. सेट सुरू व्हायच्या आधी आणखी एकदा तपासा.

साउंडचेकला सर्वांत जोरकस भाग आधी वाजवा, इंजिनिअरने पातळी त्यावर ठरवू द्या. मग एकटी किक, मग किक आणि बेस, मग सर्वांत हळुवार भाग. मिक्सरच्या सगळ्या फेडरच्या जागांचा फोटो घ्या. मॉनिटर तुम्हाला किक आणि बेस नीट ऐकू येतील एवढाच ठेवा. डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या मानकात कार्यक्रमाच्या जागी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, आणि मंचावर स्पीकर तुमच्या कानाशीच असतो. संगीतकारांसाठीचे, सगळ्या सुरांना सारखं कमी करणारे इअरप्लग वापरा, आणि तालमीतही तेच लावून वाजवा, म्हणजे कान त्या आवाजाला सरावलेले राहतील.

वाजवून झाल्यावर इंजिनिअरने तुमचे चॅनेल बंद केल्याची खूण केल्याशिवाय एकही केबल काढू नका आणि एकही यंत्र बंद करू नका. सेटमध्ये हाताने बदललेलं एखादं वळण आवडलं असेल तर सॅम्पलर बंद करण्याआधी ते वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ प्रोजेक्टवर नाही. मग सगळ्यात शेवटी जोडलेलं सगळ्यात आधी काढत फळी रिकामी करा, आणि निघण्यापूर्वी टेबलाखालचा बोर्ड, अडॅप्टर आणि भिंतीतला प्लग यांवरून एकदा नजर फिरवा. विसरल्या जाणाऱ्या वस्तू बहुधा तिथेच सापडतात.